प्रयुक्त आणि त्याची संमती : पश्चिम खानदेशाच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विचार

१

मानसशास्त्राचे इतिहासग्रंथ बहुधा प्रयोगकर्त्यांचे इतिहास असतात. कोणी कोणती उपपत्ती मांडली, कोणते उपकरण सिद्ध केले, कोणता वाद कोणी जिंकला, याची हकीकत त्यांत विस्ताराने येते. परंतु उपकरणाच्या दुसऱ्या बाजूस जो मनुष्य बसलेला असतो, त्याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तो तेथे का आला, कोणाच्या सांगण्यावरून आला, नको म्हणण्याची त्याला मुभा होती काय, आणि परत जाताना तो काय घेऊन गेला, हे प्रश्न गौण मानले गेले. वस्तुतः प्रयोगाच्या निष्कर्षाचे मोल या प्रश्नांच्या उत्तरांवरही अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्याच्यावर प्रयोग केला जातो त्यास 'प्रयुक्त' ही संज्ञा आहे. संज्ञा सुटसुटीत आहे. परंतु तिची घडण कर्मणि आहे. प्रयुक्त म्हणजे योजिलेला, कामी लावलेला. इंग्रजीतील 'सब्जेक्ट' या शब्दालाही अंकित, प्रजाजन हा अर्थ चिकटलेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने १९९४ साली आपल्या लेखनविषयक नियमपुस्तिकेत त्याऐवजी 'पार्टिसिपंट' हा शब्द पुरस्कारिला, आणि त्याच्या पाठोपाठ मराठीतही 'सहभागी' हा शब्द वापरात येऊ लागला. शब्द पालटला म्हणजे व्यवहार पालटलाच असे होत नाही. तो कितपत पालटला हे पाहण्यासाठी एखादा विशिष्ट प्रदेश समोर ठेवणे इष्ट ठरते.

येथे नंदुरबार जिल्हा निवडला आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, गावित अथवा मावची, कोकणी, धानका या समाजांचा हा प्रदेश. येथे मानसशास्त्राची नामवंत प्रयोगशाळा उभी राहिली नाही. नेमक्या याच कारणाने, संशोधनात कोण सामील होतो आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न येथून अधिक स्पष्ट दिसतो.

२

प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ १८७९ साली लाइपझिग येथील वुंटच्या प्रयोगशाळेपासून मानण्याचा प्रघात आहे. त्या प्रयोगशाळेत प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त यांच्या भूमिका अदलाबदल होण्याजोग्या होत्या, ही गोष्ट कर्ट डान्झिगर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात साधार दाखवून दिली आहे. आज जो वेळ मोजीत असे, तोच उद्या कळ दाबावयास बसे. आत्मनिरीक्षण हे कौशल्याचे काम असल्याने प्रयुक्ताची प्रतिष्ठा उलट अधिक असे, आणि त्याचे नाव अहवालात छापले जाई. पुढे मोठ्या समूहांच्या सरासरीला महत्त्व आले, तेव्हा प्रयुक्त निनावी झाला. विद्यार्थी, सैनिक, रुग्ण आणि वसाहतींतील प्रजा हे त्याचे नवे वर्ग होत.

वसाहतींतील प्रजेवर मानसशास्त्रीय प्रयोग करणाऱ्यांत केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे स्थान अग्रभागी आहे. १८९८ साली टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेलेल्या पथकात ते होते. तेथील रहिवाशांची दृष्टी, श्रवण, वेदनेची जाणीव यांची मोजमापे घेण्यात आली. लोक प्रयोगास तयार कसे झाले याची नोंद पथकाने प्रामाणिकपणे केली आहे. काळ्या माणसाला गोऱ्यापेक्षा अधिक चांगले दिसते व ऐकू येते असे कोणी म्हणतात. ते खरे आहे काय हे पाहण्यास आम्ही आलो असून तुमची कामगिरी मोठ्या ग्रंथात लिहिली जाईल, असे त्यांना सांगण्यात आले. लोकांच्या अभिमानास हे आवाहन पोहोचले आणि ते चुरशीने प्रयोगास बसले. येथे सक्ती नव्हती. परंतु प्रयोगाचे कारण जे सांगितले गेले, त्यानेच प्रयुक्ताची वृत्ती घडविली.

१९०१-०२ मध्ये हेच रिव्हर्स निलगिरीतील तोडा लोकांत आले. तोडांच्या ज्ञानेंद्रियांवरील त्यांचे निबंध १९०५ साली आणि 'द तोडाज' हा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यांत एक वृत्तान्त आहे, त्याकडे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष दिलेले नाही. पवित्र विधी व स्थाने दाखविणाऱ्यांपैकी काहींवर लागोपाठ आजार, मृत्यू आणि आग अशी संकटे आली. देवऋषींनी त्यांचा संबंध गुपिते परक्यास सांगण्याशी जोडला, आणि नंतर माहिती मिळणे दुष्कर झाले. हा समज खरा की खोटा हा येथे मुद्दा नव्हे. संशोधकाच्या दृष्टीने जे केवळ माहिती देणे होते, त्याची किंमत सांगणाऱ्याला आपल्या समाजात मोजावी लागली, आणि ती किंमत आगाऊ कोणी त्याच्यापुढे मांडली नव्हती, हा खरा मुद्दा होय.

३

पश्चिम खानदेशात याच सुमारास मनाची नव्हे, पण माणसाची मोजदाद चालू होती. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात भिल्लांचे स्वभाववर्णन आहे. ते वाचताना ध्यानात येते की, ते प्रश्न विचारून लिहिलेले नसून राज्यकर्त्याच्या अनुभवातून उतरलेले आहे. १८२५ नंतर भिल्ल एजन्सी आणि भिल्ल पलटण यांच्या द्वारे या भागावर ताबा बसविला गेला, तेव्हापासून भिल्ल हा प्रशासनाचा 'प्रश्न' होता. त्याच्या मनाविषयीची विधाने त्या प्रश्नाच्या सोयीने केली गेली.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ली बोली, खानदेशी, मावची, पावरी यांचे नमुने आहेत. नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मागविले जात, आणि उधळ्या पुत्राची बायबलातील कथा त्या त्या बोलीत उतरवून घेतली जाई. त्यायोगे या बोलींचा अमोल पुरावा राहिला. परंतु ज्याच्या तोंडून ही कथा वदविली गेली, तो अधिकाऱ्याच्या हुकुमाने आला की हौसेने आला, हे त्या पानांवरून सांगता येत नाही. एन्थोवेन यांच्या तीन खंडांच्या जातिवर्णनाविषयी (१९२०-२२) हेच म्हणावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळात इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांची सामाजिक व आर्थिक पाहणी केली. कर्वे यांची शास्त्रीय पार्श्वभूमी येथे अर्थपूर्ण आहे. बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला आणि त्यात आपल्या मार्गदर्शकांच्या वंशविषयक अपेक्षेस पुष्टी मिळत नाही असा निष्कर्ष नोंदविला. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रात सर्वत्र मानवमितीची मोजमापे घेतली. कवटीपासून कर्ज, शेती, नातेसंबंध आणि स्थलांतर यांच्या पाहणीकडे झालेला हा प्रवास केवळ विषयांतर नव्हे. मोजपट्टीला उत्तर द्यावे लागत नाही. पाहणीला द्यावे लागते. उत्तर देणारा मनुष्य थोडासा तरी संवादी होतो, आणि त्याला गप्प राहण्याचा पर्याय मिळतो.

हा गप्प राहण्याचा पर्याय सातपुड्यात नेहमीच वापरला गेला असावा, असे अनुमान करणे अवाजवी नाही. वनखात्याची हद्द, महसुलाची नोंद, सावकाराची वही या सर्वांचा आरंभ कोणीतरी येऊन काहीतरी लिहून घेण्यानेच होतो. अशा समाजात वही घेऊन आलेल्या संशोधकाविषयी संशय असणे हा अज्ञानाचा परिणाम नसून अनुभवाचा आहे.

४

प्रयुक्तांचा दुसरा मोठा वर्ग शाळकरी मुलांचा. मराठी मुलांच्या बुद्धिमापनाचा आरंभ व्ही. व्ही. कामत यांच्या कार्याने झाला. बिने-सिमों कसोट्यांचे त्यांनी कन्नड व मराठी भाषांत अनुकूलन केले. १९३० नंतरच्या दशकात धारवाड येथे मुलांवर त्या कसोट्या योजून त्यांचे प्रमाणीकरण केले आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषांतर पुरेसे नसते, प्रश्नातील वस्तू आणि प्रसंग मुलाच्या परिचयाचे असावे लागतात, हा धडा कामतांनी घालून दिला. तथापि या सर्व कार्यात मुलाची संमती हा विषयच नव्हता. गुरुजींनी बोलावले म्हणजे मूल येते, यात त्या काळी कोणालाही काही गैर वाटले नाही.

निरक्षरांसाठी कसोटी रचण्याचा प्रयत्न उत्तर प्रदेशात चं. मो. भाटिया यांनी केला. त्यांच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या कृतिकसोट्यांत ठोकळ्यांची रचना, आकृतिरेखन, चित्रजुळणी इत्यादी पाच भाग आहेत. साक्षर मुलाला जेथे अंक लक्षात ठेवावयास सांगितले जातात, तेथे निरक्षराला ध्वनी दिले जातात. यामागील दृष्टी उदार होती. परंतु अपरिचित माणसासमोर घड्याळाच्या धाकात ठोकळे जुळविणे ही क्रियासुद्धा शाळेनेच शिकविलेली असते, हे पुढे ध्यानात येऊ लागले.

या संदर्भात सोव्हिएट मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांच्या उझबेकिस्तानातील १९३१-३२ च्या प्रयोगांचे स्मरण होते. दूर उत्तरेस बर्फ असते, तेथील सर्व अस्वले पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेस आहे, तर तेथील अस्वलांचा रंग कोणता, असा संविधान-प्रश्न निरक्षर शेतकऱ्यांना विचारला असता, आपण तेथे गेलो नाही, न पाहिलेल्याविषयी आपण बोलत नाही, अशा आशयाची उत्तरे मिळाली. लुरियांनी यास अमूर्त विचाराचा अभाव म्हटले. परंतु हीच उत्तरे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दिली गेली असती, तर न्यायाधीशाने त्यांची वाखाणणीच केली असती. प्रयुक्त प्रयोगाचा खेळ स्वीकारतो की नाकारतो, हे बुद्धीचे नव्हे, तर परस्परसमजाचे लक्षण असते. आणि खेळाचे नियम समजल्याखेरीज दिलेली संमती ही नाममात्र होय.

५

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही खानदेशाशी संबंध राखून आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३-१९६६) हे काही वर्षे अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नंदुरबारवरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरच अमळनेर आहे. नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून योगाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी उड्डियान, नौली इत्यादी क्रियांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या ऋण दाबास त्यांनी गुरूच्या नावावरून 'माधवदास निर्वात' असे नाव दिले.

येथे प्रयुक्त हा साधक आहे. क्रिया येण्यास त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केलेला असतो. प्रयोगशाळा त्याच्याकडे येते, तो प्रयोगशाळेकडे ओढला जात नाही. लाइपझिगमधील जुनी समता जणू लोणावळ्यास पुन्हा अवतरली. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयविकारतज्ज्ञ बाई हृदयालेखक घेऊन भारतात आल्या. १९५७ साली बागची आणि वेंगर या अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूतील विद्युत्स्पंद नोंदणारे यंत्र भारतात फिरवून लोणावळ्यासह अनेक ठिकाणी योग्यांची तपासणी केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी १९६१ साली समाधीतील चार योग्यांचे मेंदू-आलेख प्रसिद्ध केले. प्रकाश, ध्वनी वा उष्ण स्पर्श यांनी त्यांच्या मेंदूतील अल्फा लहरी खंडित होत नव्हत्या, असे त्यात आढळले.

त्याच वर्षी वेंगर, बागची व आनंद यांनी हृदय थांबविण्याच्या दाव्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. नाडी लागेनाशी होते, हृदयाचे ध्वनी ऐकू येत नाहीत. परंतु विद्युत्-आलेखात हृदयाचे आकुंचन चालूच असते. श्वास रोधून छातीतील दाब वाढविल्याने रक्ताचे परत येणे घटते, एवढेच घडते, असा निष्कर्ष निघाला. योगविद्येच्या कीर्तीच्या दृष्टीने हा निष्कर्ष गैरसोयीचा होता, तरी तो छापला गेला. आणि ज्यांची परीक्षा झाली ते आपल्या नावानिशी अहवालात आहेत. ज्याला आपण काय दाखवीत आहोत हे ठाऊक आहे आणि निष्कर्ष विरुद्ध जाऊ शकेल याचीही जाणीव आहे, त्याने दिलेली संमती ही पूर्ण अर्थाने संमती होय.

परंतु अशा प्रयुक्तांची संख्या फार थोडी असते, आणि ते सर्वसामान्य माणसाचे प्रतिनिधी नसतात. स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांविषयी रोझेंथाल व रोझनो यांनी १९७५ साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा परामर्श घेतला. स्वयंसेवी प्रयुक्त हे इतरांपेक्षा अधिक शिकलेले, वरच्या सामाजिक थरातील, मिळून मिसळून वागणारे आणि इतरांच्या पसंतीची अपेक्षा बाळगणारे असतात, असे त्यांना आढळले. येथे शास्त्रापुढे पेच उभा राहतो. बोलावून आणावा, तर स्वातंत्र्य जाते. येईल त्याला घ्यावा, तर प्रातिनिधिकता जाते.

६

या पेचाचे नैतिक अंग न्यूरेंबर्ग संहितेने (१९४७) आणि हेलसिंकी घोषणेने (१९६४) जगापुढे आणले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली आपले पहिले धोरणपत्र काढले. २०००, २००६ आणि २०१७ साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाच्या कलम ९९ ने मनोरुग्णांवरील संशोधनास त्यांची मुक्त आणि माहितीपूर्वक संमती आवश्यक ठरविली. २०१७ च्या तत्त्वांनुसार लहान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीखेरीज, सात वर्षांपुढील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावयाची आहे. आदिवासी समाजात प्रमुखांची वा समाजाची परवानगी घेतली, तरी व्यक्तीची संमती स्वतंत्रपणे घेतली पाहिजे, असेही त्यांत म्हटले आहे.

नियम असूनही काय घडू शकते याचे उदाहरण दूरचे नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रायोगिक प्रकल्प राबविला गेला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. २०१३ साली संसदीय समितीने आपल्या अहवालात संमतीच्या प्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. आंध्रात अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. हा मानसशास्त्रीय प्रयोग नव्हे. परंतु नंदुरबारसारख्या आश्रमशाळांच्या जिल्ह्यात मुलांच्या स्मृतीची, अवधानाची वा भाषेची चाचणी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो ध्यानात ठेवावा असा आहे. आश्रमशाळेत शेकडो मुले एका जागी, एका अधिकाऱ्याच्या शब्दात असतात. नमुनानिवडीस याहून सोयीचे स्थळ नाही, आणि संमतीस याहून कठीण स्थळही नाही.

७

तर मग अशा प्रदेशात संशोधनच करू नये काय? आयुर्विज्ञान परिषदेची तत्त्वे सांगतात की, आदिवासींवरील संशोधन निदान, उपचार वा प्रतिबंध यांच्याशी निगडित असावे आणि त्यापासून त्या समाजास योग्य लाभ व्हावा. या नियमामागील हेतू निर्विवाद आहे. तथापि त्याचा काटेकोर अर्थ लावला, तर मनाचे सर्वसामान्य नियम शोधणाऱ्या मूलभूत संशोधनातून हा समाज कायमचा वगळला जाईल. वगळला जाण्याचेही परिणाम असतात. २०१० साली हेन्रिच, हाइने व नोरेंझायन यांनी दाखवून दिले की, मानसशास्त्रातील बहुतांश प्रयुक्त पाश्चात्त्य, सुशिक्षित व संपन्न समाजांतील असतात, आणि तरीही निष्कर्ष मनुष्यमात्राच्या नावे मांडले जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या बारा राज्यांत नंदुरबारच्या सीमेवरील गुजरात व मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे सीमेपलीकडील भिलालाची पाहणी होण्याची शक्यता होती, अक्राणीतील पावऱ्याची नव्हती.

एक प्रश्न तर केवळ येथील लोकांच्या सहभागानेच सुटू शकतो. सातपुड्यातील समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. या विकारात मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होऊन बालवयात पक्षाघात होऊ शकतो. कित्येकदा बाहेरून न दिसणारी सूक्ष्म इजा होते आणि ती अध्ययनातील अडचणीच्या रूपाने प्रकट होते. याविषयीचे बहुतेक ज्ञान आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासातून आले आहे. भारतातील आदिवासी रुग्णांत आढळणारा जनुकीय प्रकार त्याहून भिन्न असून त्यात गर्भावस्थेतील रक्तद्रव्याचे प्रमाण अधिक राहते. त्यामुळे व्याधी पुष्कळदा सौम्य असते. म्हणून तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. १ जुलै २०२३ रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने रक्ततपासणीस गती दिली. परंतु तोरणमाळच्या पठारावरील एखादे मूल वर्गात मागे पडते ते रक्तामुळे, भुकेमुळे, की शिक्षकाची भाषा न समजल्यामुळे, हे रक्ताच्या थेंबाने कळत नाही. त्यासाठी त्या मुलाने आणि त्याच्या आईने संशोधकासमोर स्वेच्छेने बसावे लागेल.

त्यांनी का बसावे? टोरेस सामुद्रधुनीत अभिमानास आवाहन केले गेले. शाळेत गुरुजींचा शब्द पुरला. लोणावळ्यास साधकाची स्वतःची जिज्ञासा होती. वरील विवेचनावरून यांपैकी शेवटचेच कारण टिकाऊ ठरते. प्रश्न जर प्रयुक्ताचा स्वतःचा असेल, तर संमती ही औपचारिकता राहत नाही. यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. संमतिपत्र प्रमाण मराठीत असणे येथे पुरेसे नाही, कारण अनेकांची घरची भाषा भिल्ली, पावरी वा मावची आहे. ते बोलून समजावले पाहिजे, आणि समजले की नाही हे उलट विचारून पाहिले पाहिजे. मुख्याध्यापकाने पटावरून मुले निवडून देऊ नयेत. नकार देणाऱ्यांची संख्या आणि त्यांची कारणे प्रबंधात नमूद करावीत. नकार हेही एक दत्त आहे, आणि ते दडविल्यास नमुन्याचे खरे स्वरूप वाचकास कळत नाही. शेवटी, जे आढळले ते ज्यांच्याकडून घेतले त्यांना त्यांच्या भाषेत परत सांगावे. ग्रिअर्सनच्या खंडातील पावरी कथा ज्या पाड्यात सांगितली गेली, तेथे तो खंड पोहोचण्याचा संभव फार थोडा होता. आजच्या प्रबंधाविषयी असे म्हणावे लागू नये.

आपल्या विभागांत दरवर्षी सादर होणाऱ्या प्रबंधांत प्रयुक्तांविषयीचा मजकूर बहुधा एका परिच्छेदात आटोपतो : संख्या, वय, लिंग, नमुनानिवडीची पद्धत. प्रायोगिक मानसशास्त्राच्या गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा जो इतिहास येथे संक्षेपाने पाहिला, त्यावरून या परिच्छेदात आणखी एका वाक्याची भर घालणे अगत्याचे ठरते : ही माणसे येथे कशी आली, आणि नको म्हणणे त्यांना कितपत शक्य होते. ते वाक्य प्रामाणिकपणे लिहिणे सोपे नाही. ते लिहिता येईल अशा रीतीने संशोधनाची आखणी करणे हेच पद्धतिशास्त्राचे आणि नीतिशास्त्राचे समान कार्य होय.